नऊ हातांची मोरी

१९३९ साल. मी तेव्हा सव्वीस वर्षांचा. शाळा माझी मराठी दुसरीपर्यंतच, त्यामुळं कुठं चुकलं तर सांभाळून घ्या. संपादक साहेब, तुमच्या सदरात लोक लिहितात, कुणाला पिंपळाखाली काय दिसलं, कुणाच्या मागनं पावलं वाजली... तसला माणूस मी नव्हे. भूतबीत मी कधी मानलं नाही, आजही मानत नाही. माझ्या घरात एका दुपारी एक गोष्ट घडली आणि तिचा उलगडा मला अजून होत नाही, एवढंच.

शहापुरात आमचं विणकराचं घर. गल्लीच्या बाजूला मागाची खोली — खड्ड्याचा माग, पाय खड्ड्यात सोडून बसायचं आणि विणायचं. त्या खोलीला लागून न्हाणी. न्हाणीची मोरी मागाच्या खोलीखालनं सरळ जाऊन गल्लीच्या गटारीत पडायची. लांबी नऊ हात आणि एक वीत. हे मी अंदाजानं लिहीत नाही. विणकराचा हात मापात चुकत नाही.

बायको बाळंत होऊन चार दिवस झाले होते. मुलगी. त्याआधीचा मुलगा नवव्या दिवशी गेला होता. घरात ओल फार, त्या ओलीनं पोर धरलं, असं वैद्य म्हणाले होते. ते माझ्या डोक्यात पक्कं बसलेलं. आणि नेमकी चौथ्या दिवशी मोरी तुंबली. न्हाणीत घोटाभर पाणी, माझ्या मागाच्या खड्ड्यात पाझर, बाळंतिणीच्या खोलीची भिंत खालनं काळी पडत चाललेली. हीपण पोर ओलीनं जाणार, हेच मला दिसत होतं.

मोऱ्या काढणारा सिद्राम दारात आला, कुणाची मोरी ते विचारलं, आणि मागं सरला.

"बाळंतिणीची मोरी व्हय? बारा दिवस मी हात लावत न्हाय, अण्णा."

"का रं?"

"का म्हंजे? तुमच्या आईस्नी इचारा."

आईला विचारायची गरज नव्हती. आमच्याकडं बाळंतपणात पडलेली वार न्हाणीतच पुरतात. वर दगड ठेवायचा, बाळंतिणीनं त्यावर आंघोळ करायची, बारा दिवस तो दगड हलवायचा नाही. सुईणीनं दगड ठेवला होता तो नेमका मोरीच्या तोंडाशी.

मी म्हणालो, "कुणी येत नसंल तर मी काढतो. मोरी माझी हाय."

आई म्हणाली, "शंकऱ्या, त्या दगडाला हात लावू नकोस."

"नुसता सरकवतो आई, खणत न्हाय."

"सरकवणं आन् खणणं तुला येगळं. तिला न्हाय."

तिला म्हणजे कुणाला, ते मी विचारलं नाही.

दुपारचे बारा वाजले असतील. कळकाचा बांबू चिरून मी दोन कांबी केल्या, पाच-पाच हातांच्या, आणि सुतानं घट्ट जोडल्या. शेजारचा भीमाप्पा, तोही विणकर, गटारीच्या तोंडाशी बसला. टोक बाहेर आलं की सांगायचं, एवढंच त्याचं काम. दगड सरकवला, पालथा पडलो आणि कांब आत घातली.

सात हात गेली. आठ. नऊ.

"आलं का रं?"

"न्हाय. वाटंत झोपली का काय तुझी कांब?"

"नीट बघ की."

"बघतोयच. दोन बेडकं हायत. तुझ्यापरीस शहाणी दिसत्यात."

दहा हात. कांब पुरी आत गेली, माझ्या हातात नुसतं बूड उरलं. टोक गल्लीत यायलाच पाहिजे होतं. मोरीला वळण नाही, खाली विहीर नाही. माझा स्वभाव असा की एखादी वस्तू ऐकेना म्हटल्यावर मी तिला सोडत नाही. मागाची ताण्याची दोरी सोडून आणली, कांबीच्या बुडाला बांधली आणि रेटलं. दोरी रेटली जात नाही, ती दुमडते, हे पोरालाही कळतं. पण ती गेली. सहा हात गेली, आणि मग ताठ झाली.

इथं एक सांगायला पाहिजे. आम्ही गल्लीत ताणा, म्हणजे मागाचं उभं सूत, पसरतो तेव्हा एका टोकाला एक माणूस, दुसऱ्या टोकाला दुसरा. मधे एवढं अंतर की ओरडत कोण बसणार? म्हणून दोरीला झटके द्यायचे. एक झटका म्हणजे धर. दोन म्हणजे ओढ. तीन म्हणजे सोड. लहानपणापासनं हाताला हेच वळण. हातात ताठ दोरी आली आणि मी विचार न करता दोन झटके दिले.

तिकडनं दोरी ओढली गेली.

हिसका नव्हता. घुशीनं धरलं तर हिसका बसतो. हे ओढणं सावकाश, एकसारखं होतं... शिकलेल्या हाताचं.

"भीमाप्पा, वडतोस व्हय रं?"

"काय वडू? माझं दोन्ही हात तंबाखूत हायत."

मी भिंतीला पाय लावला आणि उलटा ओढला. हातभर दोरी मागं आली. तेवढ्यात आतनं आईचा आवाज आला, "शंकऱ्या, पोरगी श्वास घेईना!"

माझे हात सैल पडले. दोरी तिकडं सरकली, आणि पोर रडली. मी मनाशी म्हटलं, योगायोग. पुन्हा ओढली. रडणं मधेच तुटलं, कात्रीनं सूत तोडावं तसं.

माझी बायको इंदू कधी मोठ्यानं बोलायची नाही. तिचा आवाज आला, "अवो, काय धरलंयसा ते? सोडा."

बाजेवरनं न्हाणी दिसत नाही. मी काय धरलंय ते तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मी तीन झटके दिले. सोड म्हणून.

क्षणभर काही नाही. मग तिकडनं झटके आले. एक... दोन... तीन.

खरं लिहितो. मला त्या वेळी भीती वाटली नाही, राग आला. घर माझं, दोरी माझी, आणि मला सोड म्हणणारं कोण? त्या रागात मी दोरी मनगटाला गुंडाळली आणि धरून राहिलो. किती वेळ, सांगता येत नाही. आत रडणं नव्हतं. आई देवीचं नाव घेत होती, तीही थांबली. ती थांबली तेव्हा माझ्या ध्यानात आलं की मी कशासाठी भांडतोय.

मनगटावरचा वेढा काढला आणि हात उघडला.

दोरी सावकाश गेली. टोकाची गाठ मोरीच्या तोंडाशी जरा थांबली, मग तीही गेली. पाणी एकदम गटगट करून उतरलं. आत पोर रडली, आणि बाहेर भीमाप्पानं पाय वर घेतला.

"शंकर... पाणी आलं रं."

"कांब?"

"कांब न्हाय. दोरी न्हाय. पाणी गरम हाय."

ते पाणी सकाळचं होतं, सहा तास साचलेलं.

आत गेलो. पोरीचे ओठ निळे होते, हळूहळू लाल झाले. तिच्या नाळेवर आईनं सकाळी कोरडी राख लावली होती. ती राख धुऊन गेली होती. कुणी पाणी लावलं नव्हतं. आईनं माझ्याकडं एकदा बघितलं आणि पुन्हा कोरडी राख लावायला घेतली. तिनं शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

पुढं काही वर्षांनी गल्लीत पक्की गटार झाली तेव्हा मी ती मोरी उकरून घेतली. नऊ हात आणि एक वीत. सरळ, दोन्ही बाजूंनी दगडी फरशा, कुठं भोक नाही, कुठं फट नाही. कांब नाही, दोरी नाही, सुताचा तुकडा नाही. शिकलेल्या माणसांना विचारलं. कुणी म्हणालं, जमिनीखाली पोकळी असंल. कुणी म्हणालं, पोरीला आकडी आली असंल. असेल. पण पोकळीला तीन झटके कुणी शिकवले, ते सांगत नाहीत. मुलगी वाचली, आज तिला नातवंडं आहेत. तिला यातलं काही ठाऊक नाही.

पण ते सगळं नंतरचं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी काय केलं ते लिहितो आणि थांबतो.

उजाडताच दगड होता तसा जागेवर ठेवला आणि मोरीचं तोंड चुना-विटांनी बुजवून टाकलं. मग, त्या वाटेनं आता थेंबही जाऊ नये म्हणून, इंदूच्या आंघोळीचं पाणी परातीत धरायला लावलं, ते बादलीत ओतलं, आणि बादली डोक्यावर घेतली. बाळंतिणीचं पाणी पुरुष उचलत नाही. आमच्या गल्लीत ते कुणी पाहिलेलं नव्हतं. लोक माग थांबवून दारात आले. भीमाप्पानं हसायला तोंड उघडलं आणि मिटलं. मी कुणाकडं न बघता गल्लीच्या टोकापर्यंत चालत गेलो, शेतात उतरलो, एका बाजूला पाणी ओतलं, आणि ते मातीत पुरतं मुरेपर्यंत तिथंच उभा राहिलो.