फाटक्या मुखपृष्ठाचं पुस्तक

पाथर्डीत आयटीआयसमोर माझं झेरॉक्सचं दुकान आहे. एकदा वायरिंगच्या पुस्तकाच्या प्रती काढत असताना एक म्हातारे गृहस्थ गरम पानांवरून हात फिरवत म्हणाले, "हे मी लिहिलंय."

मी मशीन थांबवलं. आता शिव्या बसणार!

"पुस्तकांच्या दुकानातून हे कुणी विकत घेतं का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई सर. पोरं झेरॉक्सच नेत्यात."

त्यांनी पेन काढलं, मूळ पुस्तकातल्या एका आकृतीतली अर्थिंगची वायर खोडली आणि नीट जोडून दाखवली.

"दुसऱ्या आवृत्तीत सुधारणार होतो. ती निघालीच नाही. आता यावरूनच काढा, नाहीतर एखाद्याला शॉक बसायचा."

अजून त्यावरूनच काढतो. पुस्तकाचं मुखपृष्ठ लेखकाच्या नावासकट ते येण्याआधीच फाटून गेलं होतं. आणि नाव त्यांना कोणत्या तोंडानं विचारणार होतो?