एनिसमधल्या सगळ्या रायफली बिघडलेल्या होत्या

आमच्या घराण्यात आजवर कुणी बंदूक बाळगलेली नाही. आई असताना तशी गरज पडली नाही.

त्यामुळे मी व्हिडिओ कॉलवर सांगितलं की मी रायफल घेतेय, तेव्हा मला वाटलं कॉल फ्रीझ झाला. कॉल ठीक होता. पुण्यात आईबाबा फ्रीझ झाले होते.

"कुणाला मारायचंय?" आईने विचारलं. (आवाजात धक्का वगैरे काही नव्हता. नावं सांग, बघू, असा सूर होता.)

"कुणाला नाही गं. कागदाला. कागदावर एक काळा गोल असतो, त्यात नेम धरून मारायचं."

"मग पेन्सिलीने भोकं पाड की."

थांबा, नीट सांगते. मी एनिसला राहते, आयर्लंडच्या पश्चिमेला. मेडिकल डिव्हाइस बनवणाऱ्या एका प्लँटमध्ये क्वालिटीला आहे, म्हणजे दुसऱ्यांनी केलेल्या वस्तूंमध्ये चुका काढायचा मला पगार मिळतो. (आई हेच आयुष्यभर फुकट करत आलीये.) तर ऑफिसातल्या एका मैत्रिणीने मला एका रविवारी गावाबाहेरच्या शूटिंग रेंजवर नेलं. मी पहिली गोळी झाडली आणि संपलंच. प्रेमात पडले! छोटीशी पॉइंट टू-टू सेमी-ऑटोमॅटिक रायफल. खटका ओढला की एक गोळी सुटते, रिकामी पुंगळी टुण्णकन उजवीकडे उडते आणि पुढची गोळी आपली आपण जागेवर येऊन बसते. परत ओढायचं, परत एक. धक्का म्हणाल तर माझं वॉशिंग मशीन स्पिनला लागलं की जास्त हादरतं. आणि वास! दिवाळीतल्या टिकल्यांचा वास, तोही भर पावसात, चिखलात, शेजारच्या कुरणातल्या गाई आपल्याकडे बघत असताना.

एकच अडचण होती. माझ्या गोळ्या कागदावर जात नव्हत्या.

आता इथे असं नाही की दुकानात गेलं, रायफल घेतली, पिशवीत घातली, आलं घरी. आधी क्लबचं मेंबर व्हायचं. मग प्रोबेशन. मग परीक्षा: दहा गोळ्या, त्यातल्या सात काळ्या गोलात, आणि पूर्ण वेळ रायफल सुरक्षित हाताळायची. पास झालात तर क्लबचं पत्र मिळतं, आणि ते पत्र घेऊन गार्डाकडे, म्हणजे इथल्या पोलिसांकडे, लायसन्सचा अर्ज करायचा. परीक्षा डेक्लन घेतो. डेक्लन म्हणजे आमच्या क्लबचा रेंज ऑफिसर. सत्तरीचा माणूस, डोक्यावर चपटी टोपी, आणि कशालाही एकच उत्तर: "ग्रँड," म्हणजे इथलं 'ठीक आहे'. पहिल्या दिवशी त्याने मला विचारलं होतं, "उजव्या हाताची की डाव्या?" मी म्हटलं, उजव्या. ग्रँड.

मी क्लबची पहिली रायफल दोन रविवार वापरली आणि माझ्या लक्षात आलं की तिची दुर्बीण वाकडी आहे. डेक्लनला सांगितलं. त्याने रायफल घेतली, पाच गोळ्या मारल्या, पाचही मधोमध, आणि परत दिली. मी दुसरी घेतली. हिची नळी खराब होती. डेक्लनने पाच मारल्या. मधोमध. तिसरीचा दस्ता लांब होता. चौथीत नक्की काय बिघाड होता ते सापडलं नाही, पण होता. मी घरी येऊन प्रत्येक रायफलीचा व्यवस्थित रिपोर्ट लिहिला (सवय!), आणि चारही रिपोर्टांत शेवटी एकच वाक्य आलं: 'दोष अधूनमधून उद्भवतो. ऑपरेटर बदलल्यास आढळत नाही.'

हे वाक्य मी स्वतःच्या हाताने चार वेळा टाइप केलं. इंजिनिअर आहे मी. डिस्टिंक्शन.

निष्कर्ष उघड होता. मला स्वतःची रायफल हवी होती. आधुनिक, सेमी-ऑटोमॅटिक आणि मुख्य म्हणजे भरवशाची! मग मी जी सुटले! रात्रंदिवस व्हिडिओ. कुठली अडकते, कुठली अडकत नाही, कुठलीला स्वस्त गोळ्या पचतात, कुठलीचे नखरे आहेत, कुठली उघडून साफ करायला सोपी. ऑफिसात लंचला मी पुंगळी कशी बाहेर फेकली जाते यावर बोलायचे आणि लोक ट्रे उचलून दुसऱ्या टेबलावर जायचे.

तेवढ्यात उन्हाळ्यात आईबाबा इकडे आले. "आपण घ्यायच्या आधी बघितली पाहिजे," बाबा म्हणाले. बाबांनी आयुष्यात एकच स्कूटर घेतली आणि अजून तीच चालवतात, त्यामुळे भरवशाची वस्तू ओळखण्यात ते स्वतःला अधिकारी समजतात. गेलो तिघं दुकानात. दुकान म्हणजे एका शेतकऱ्याच्या घरामागची शेड. मालकाने मी ठरवलेली रायफल काउंटरवर ठेवली आणि बाबांनी चष्मा वर केला.

"मने, याला विचार, सर्व्हिसिंग कधी?"

"बाबा, ती आपली आपणच साफ करायची असते."

"सुटे भाग मिळतात? विचार. उद्या कंपनी बंद पडली तर?"

मालक म्हणाला मिळतात. बाबा खूश. मग त्यांनी शेजारची लाकडी दस्त्याची उचलायला हात पुढे केला. "ही बघ. लाकूड आहे. लाकूड म्हणजे लाकूड."

"अहो, इथे टॉवेल चार दिवस वाळत नाहीत," आई म्हणाली. "ते लाकूड फुगून बसेल. ही काळी बरी आहे. आणि नळी ती चकचकीत, स्टीलची घे. गंजायची नाही."

मी बघतच राहिले. इतक्या व्हिडिओंनंतर मी याच निष्कर्षाला आले होते: प्लॅस्टिकचा दस्ता, स्टेनलेस नळी. आईला टॉवेलांवरून कळलं.

मालकाने सांगितलं, दुसरं एक गिऱ्हाईक याच रायफलीसाठी मागे लागलंय, पण तुझी परीक्षा शनिवारी आहे ना, तोवर ठेवतो. क्लबचं पत्र दाखव, तुझ्या नावाने राखून ठेवतो आणि लायसन्स आलं की घेऊन जा. आणि नापास झाले तर? तर रायफल दुसऱ्याची, माझं प्रोबेशनही संपलेलं, आणि पुढच्या वर्षी परत पहिल्यापासून. मी हसून म्हटलं, "त्या बिघडलेल्या रायफलींवरसुद्धा होईन पास." (बिघडलेल्या!)

शनिवार उजाडला तो चक्क ऊन घेऊन. आईबाबा क्लबहाऊसच्या बाजूच्या खिडकीशी बसले, चहाचा थर्मास आणि चिवड्याचा डबा घेऊन, जसं काही शाळेचं गॅदरिंग आहे. माझ्या शेजारच्या लेनवर मॉरीन नावाच्या आजी होत्या, त्या दर शनिवारी येतात. डेक्लनने खूण केली. मी दहा गोळ्या झाडल्या. रेंज थांबवली, रायफली रिकाम्या करून खाली ठेवल्या, आणि आम्ही कागद बघायला चालत गेलो.

माझ्या कागदावर तीन भोकं होती. तीनही पांढऱ्यात.

मॉरीनआजींनी दहा गोळ्या झाडल्या होत्या. त्यांच्या कागदावर चौदा भोकं होती. "मी आज फारच फॉर्मात आहे," त्या म्हणाल्या.

डेक्लनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. पहिल्यांदाच तो ग्रँड म्हणाला नाही. "अजून एक संधी," तो म्हणाला. "नियमाने दोनच."

मी सांगणारच होते की ही रायफल दमट हवेत चालत नाही, तेवढ्यात आई चिवड्याचा डबा हातात घेऊनच बाहेर आली. थेट डेक्लनकडे.

"शी इज क्लोजिंग बोथ," आई म्हणाली.

"बोथ काय?" डेक्लनने विचारलं.

"आइज."

दर रविवारी पाऊस, त्यामुळे माझ्या डोक्यावर रेनकोटची टोपी, त्यावर कानांचे मफ, खाली धुकं धरलेला गॉगल. माझे डोळे काय करतात हे बघायची कुणाला सोयच नव्हती. आज ऊन होतं, आणि बाजूच्या खिडकीत आई होती.

"डावा डोळा मीट," डेक्लन म्हणाला.

मी मिटला. दोन्ही मिटले.

"आता उजवा."

उजवा मस्त मिटला. एकटा. मला वाटायचं सगळ्यांचंच असं असतं.

मग त्याने मला दोन्ही हातांचा छोटा त्रिकोण करायला लावला आणि त्यातून क्लबहाऊसच्या भिंतीवरचं घड्याळ बघायला सांगितलं. उजवा डोळा झाकला, घड्याळ होतं तिथेच. डावा झाकला, घड्याळ गायब, समोर आमचे बाबा.

"तुझा नेमाचा डोळा डावा आहे. तू डावखुरी आहेस," डेक्लन म्हणाला.

"छे! मी लिहिते उजव्याने, जेवते उजव्याने. आई, सांग ना याला."

आईला एकदम चिवड्यातले शेंगदाणे निवडावेसे वाटले.

"आई?"

"अगं, तीन वर्षांची होतीस."

"मग?"

"सगळं डाव्याने. जेवण डाव्याने, प्रसाद डाव्याने. चारचौघांत कसं दिसतं ते? मग सोडवलं मी."

"सोडवलं म्हणजे कसं?"

"डाव्या हातात मोजा घातला."

"पिवळा होता," बाबा खिडकीतून म्हणाले. "लोकरीचा. फार रडायचीस. भर मे महिना."

मी डेक्लनला हे सगळं इंग्रजीत सांगितलं. तो आईकडे बघून मान हलवायला लागला. तोही लहानपणी डाव्या हाताने लिहायचा म्हणून शाळेतल्या सिस्टर, म्हणजे नन, त्याचा हात पाठीमागे बांधायला लावायच्या. आईला मी भाषांतर करून सांगितलं, म्हटलं आता तरी लाज वाटेल.

"बघ," आई म्हणाली. "शिस्त सगळीकडे सारखी."

म्हणजे क्लबच्या चारही रायफली ठणठणीत होत्या. दोष मॅन्युफॅक्चरिंगचा होता, आणि मॅन्युफॅक्चरर समोर उभी राहून शेंगदाणे खात होती.

दुसरी आणि शेवटची संधी. रायफल डाव्या खांद्याला लावली. उजवा डोळा मिटला. आणि अहाहा! काळा गोल समोर आला तो जागचा हलेचना. पहिली गोळी: मला कळलं, लागली. दुसरी. तिसरी. आता एक गोष्ट: रायफल उजव्या हाताच्या माणसासाठी बनवलेली, पुंगळी उजवीकडे फेकणारी. मी डावीकडून मारत असल्यामुळे प्रत्येक पुंगळी माझ्या नाकासमोरून सण्णकन जात होती. सहावी गेली नाही. सहावी माझ्या उजव्या दंडावर आपटली, तिथून उडाली आणि शर्टाच्या कॉलरमधून आत शिरली.

गरम तव्यावरची मोहरी एका जागी उडते. ही खाली खाली चालली होती.

मागून आई ओरडली, "अगं काढ ते!" आणि माझ्या डोक्यात फक्त डेक्लनचा आवाज होता, जो त्याने प्रत्येक रविवारी ऐकवला होता: काहीही होवो, नळी समोर. मी बोट खटक्यावरून काढलं. सेफ्टी लावली. रायफल नळी समोर ठेवून हळूच टेबलावर ठेवली. हात वर केला. दोन पावलं मागे आले. आणि मग मी जो नाच केला तो मॉरीनआजींनी फोनवर शूट केला असून तो क्लबच्या ग्रुपवर आहे.

पुंगळी पायाशी पडली. डेक्लनने ती उचलली, माझ्याकडे बघितलं. "यात निम्मे लोक रायफल घेऊनच गर्रकन वळतात," तो म्हणाला. "उरलेल्या चार मार."

मारल्या. कागदावर काळ्यात सात भोकं. नेमकी सात, एकही जास्त नाही. डेक्लनने कागदावर सही केली आणि म्हणाला, "ग्रँड." मी त्याला मिठी मारली. बाबांनी त्याच्या तळहातावर चिवडा दिला. आईने विचारलं, "भाजलं कुठे?" मी म्हटलं, घरी सांगते.

राखून ठेवलेली रायफल शेवटी त्या दुसऱ्या गिऱ्हाइकालाच गेली आणि माझ्यासाठी तेच मॉडेल डावखुऱ्यांचं मागवलं. मला काय, मी हवेत! आता माझी खरी ओळख सापडली होती. मी कांदा डाव्याने चिरायला लागले (बोटाला दोन पट्ट्या), आमटी डाव्याने वाढायला लागले (गालिचा). आई म्हणाली, "बंदुकीपुरतं ठेव." पण मी ऐकते होय? क्लबचं पत्र हातात पडल्यावर लायसन्सचा अर्जसुद्धा मी मोठ्या अभिमानाने डाव्या हाताने भरला. नाव, पत्ता, सही, सगळं.

गार्डा स्टेशनच्या खिडकीतल्या तरुणाने अर्ज हातात घेतला, जवळ धरला, लांब धरला. मग माझ्याकडे बघून गोड हसला.

"अक्षर छान काढलंय," तो म्हणाला. "पण मुलीला सांगा, सोळा वर्षं पूर्ण झाल्याशिवाय लायसन्स मिळत नाही."