बोडीत धुतलेली मोटार

मोटार माझ्या वर्कशॉपच्या फाटकातून आत आली तेव्हा तिला दोन बैल जुंपलेले होते. पोळा होऊन दोनच दिवस झाले होते. बैलांच्या शिंगांना लावलेला हिंगूळ अजून ताजा दिसत होता आणि तोच हिंगूळ मोटारीच्या मडगार्डवरही होता. दोन्ही हेडलाइटना कवड्यांच्या माळा होत्या. रेडिएटरवर बाशिंग बांधलेलं होतं. रेल्वेच्या लोकोशेडमध्ये अकरा वर्षं काढून मग मी गोंदियात स्वतःचं वर्कशॉप टाकलं होतं. बंद पडलेली मोटार बैलांनी ओढून आणणं मला नवं नव्हतं. बाशिंग नवं होतं.

दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या दोन-तीन वर्षं आधीची ही गोष्ट. मोटार दवनीवाड्याच्या बाजूच्या एका गावच्या मालगुजारांची, म्हणजे जमीनदारांची. वडील वारले आणि मालगुजारी तिशीच्या आतल्या मुलाकडे आली. त्यांना सगळे भैयासाहेब म्हणत. नागपुरात कॉलेज करून आलेले. येताना ही मोटार घेऊन आले. विलायती, हिरवी, दोन सीटची, वर टप नाही. हिला स्पोर्ट्स कार म्हणतात. स्पोर्ट्स कार म्हणजे जिच्यात माणसं कमी बसतात, सामान मावत नाही आणि इंजिन गरजेपेक्षा जोरकस असतं. आमच्याकडच्या रस्त्यांवर ती पावसाळाभर गोठ्याशेजारी उभी असायची. तरी माझा तिच्यावर जीव होता. इंजिन चालू ठेवून बॉनेटवर काठोकाठ भरलेला पाण्याचा पेला ठेवला तर थेंब सांडत नसे. हे मी स्वतः करून पाहिलं होतं.

बैल हाकत आला तो सोमाजी. मालगुजारांचा धुरकरी, म्हणजे गाडीबैल सांभाळणारा माणूस. साठीचा. भैयासाहेबांच्या आजोबांच्या वेळेपासून त्याच घरी. स्वतःची जमीन नाही, झोपडी मालगुजारांच्या जागेत. मोटार चालवायचे भैयासाहेब स्वतः, पण ती पुसणं, झाकणं, सीटखालचे उंदीर हाकलणं हे सगळं सोमाजीकडे होतं. तो तिला हिरवी म्हणत असे.

त्याने मुंडाशातून चिठ्ठी काढून दिली. भैयासाहेबांनी दोनच ओळी लिहिल्या होत्या. तपासून ठेवा, दुरुस्त करायची की विकायची ते सांगा. शनिवारी येतो.

मी सोमाजीला बैल सोडून सावलीत बसायला सांगितलं आणि कामाला लागलो. आधी हँडल मारून पाहिलं. अर्धा फेरा झाला आणि हँडल अडलं. मग खालचा नट काढून इंजिनातलं ऑइल परातीत घेतलं. ऑइल काळं असायला हवं. हे दूध जास्त झालेल्या चहासारखं होतं. ऑइलचा असा रंग झाला म्हणजे आत पाणी गेलं, यात दुमत नसतं. आता पाणी पावसाचंही असू शकतं. म्हणून मी कार्ब्युरेटर काढला. पेट्रोल आणि हवा यांचं मिश्रण करणारा हा भाग. त्याच्या हवा घ्यायच्या तोंडात हिरवं शेवाळ होतं आणि एक गोगलगाय होती. गोगलगाय जिवंत होती.

पावसातून गोगलगाय इंजिनात जात नाही. मी सोमाजीकडे पाहिलं. तो आधीपासूनच माझ्याकडे पाहत होता.

"बोडीत घातली का?" मी विचारलं. बोडी म्हणजे आमच्याकडचं गावतळं.

"होय जी," तो म्हणाला.

"काऊन?"

मग त्याने सगळं सांगितलं. त्या वर्षी भैयासाहेबांच्या मनात आलं की पोळ्याच्या तोरणाखाली पहिला मान मोटारीचा. मालगुजारांची बैलजोडी तिच्या मागे आणि गाव त्याच्या मागे. गावाला हे रुचलं नाही, पण मालगुजारांना कोण बोलणार. सोमाजीला हुकूम झाला की मोटार सजवून तोरणाखाली आण. आता तोरणाखाली जे जनावर उभं राहतं ते सकाळी बोडीत धुतलेलं असतं. बिनधुतला बैल कोणी तोरणाखाली नेत नाही. सोमाजीने जन्मभरात नेला नव्हता. त्याने सगळे बैल धुतले, मग चार माणसं लावून हिरवीला बोडीत उतरवलं, पाणी सीटपर्यंत येईतो. तणसाने, म्हणजे धानाच्या पेंढ्याने घासली. बॉनेट उघडून आतूनही धुतली. दोरांनी बाहेर ओढली, कोरडी केली, शिंगं नव्हती म्हणून मडगार्ड रंगवलं.

मी तसा लवकर तापणारा माणूस आहे. एकदा एका ठेकेदाराला पान्हा घेऊन फाटकापर्यंत पोचवलं होतं. पण सोमाजीवर ओरडायला मला कारण सापडेना. त्याने जे केलं ते त्याच्या कामाच्या रीतीने बरोबर होतं. दोष मोटारीला जनावर ठरवणाऱ्याचा होता.

पुढचं त्याने खाली मान घालून सांगितलं. भैयासाहेब नवं धोतर नेसून आले, सीटवर बसले. सेल्फ मारला, गाडी हलेना. गाव बघतंय. मग त्यांनी तीच बैलजोडी पुढे जुंपायला लावली आणि बैलांकडून गाडी ओढवून चालू करायला पाहिली. आत मोठा आवाज झाला. बैल उधळले. त्यांच्या मागे सगळी रांग उधळली आणि तोरण घेऊन शेतात गेली. गोंधळात दोन म्हातारे पडले, लागलं कोणालाच नाही. पण गाव हसलं, आणि भैयासाहेबांनी ते ऐकलं.

"मालकानं म्हटलं हाय," सोमाजी म्हणाला, "ज्याच्या हातानं बिघडली त्याले गावात ठिवनार नाई."

"त्यांना माहीत आहे का, तू बोडीत धुतली ते?"

"कोनी सांगतलं नाई. इचारलं नाई."

माझ्याकडे त्याने काही मागितलं नाही. लपवा म्हणाला नाही. बैल जुंपता जुंपता एवढंच विचारलं की हिरवी बरी होईल का. मी म्हटलं, बघतो.

दुसऱ्या दिवशी मी हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं झाकण उतरवलं. इथे थोडं समजावून सांगतो. इंजिनात लोखंडी नळे असतात, त्यांना सिलिंडर म्हणतात. त्यात पिस्टन खालीवर होतो आणि वर जाताना हवा दाबतो. सायकलच्या पंपाच्या तोंडाशी बोट धरून दांडा दाबला तर हवा दबते. तोच पंप पाण्याने भरा आणि दाबा. पाणी दबत नाही. दांडा वाकतो. इंजिनात तो दांडा म्हणजे पिस्टनला खालच्या क्रँकशी जोडणारा कनेक्टिंग रॉड. हिरवीच्या तिसऱ्या सिलिंडरचा रॉड शेतातल्या कोयत्यासारखा वाकला होता. बाकी तिन्ही सरळ. ब्लॉकला तडा नव्हता. म्हणजे नवा रॉड आणि पिस्टन मागवला, बेअरिंगचा मऊ धातू वितळवून नव्याने ओतला, की गाडी पहिल्यासारखी. वाकलेला रॉड ठोकून सरळ करून परत घालणारे मिस्त्री गोंदियात होते. त्यांच्या गाड्या नंतर माझ्याकडे यायच्या.

तांत्रिक बाजूने निकाल एका ओळीचा होता, दुरुस्त करा. पण ती ओळ लिहिली की पुढचा प्रश्न येणार, बिघडली कशाने. त्याचं उत्तर दिलं की सोमाजी रस्त्यावर.

त्यातच एका राइस मिलचे शेट येऊन गेले. मोटार माझ्याकडे आल्याची खबर त्यांना लागली होती. त्यांना इंजिन नको होतं. मोटारीचा आस आणि रबरी चाकं धानाच्या बैलगाडीखाली बसवायची होती. "इंजन तुम रखो मिस्त्री," ते म्हणाले, "चक्का हमको दे दो." भैयासाहेबांशी त्यांचं बोलणं झालं होतं.

मी दोन रात्री विचार केला आणि खोटं बोलायचं ठरवलं. इंजिनाबद्दल मी तोवर कधी खोटं बोललो नव्हतो. पण इथे हिशेब सोपा दिसत होता. इंजिनाला मुळातच खोड आहे असं लिहायचं. शेटना चाकं मिळतील, भैयासाहेबांची गाडीपासून सुटका होईल, सोमाजीची झोपडी राहील. नुकसान काय ते इंजिनाचं, आणि ते तक्रार करणार नव्हतं. मी चांगल्या अक्षरात रिपोर्ट लिहून ठेवला.

शनिवारी भैयासाहेब छकड्यातून आले. हाकायला सोमाजीच होता. तो बैलांपाशी उभा राहिला. भैयासाहेबांनी उघडं इंजिन एकदा पाहिलं आणि स्टुलावर बसले.

"माझं साधं आहे मिस्त्री," ते म्हणाले. "गाडीला मुळात खोड असेल तर आजच शेटला देऊन टाकतो. चांगली गाडी कोणी बिघडवली असेल तर दुरुस्त करतो. पण तो माणूस मला गावात नको."

मी रिपोर्ट उचलला आणि वाचला. इंजिनाला मुळातच खोड आहे, विकलेलं बरं.

"खोड नाई जी."

सोमाजी बैल सोडून पुढे आला होता. मालक बसलेले असताना तो असा कधी पुढे येत नसे.

"हिले खोड म्हनू नका, मालक," तो म्हणाला. "चांगलं जनावर हाय. म्या बोडीत धुतलो हिले. पोटात पानी गेलं, त्यानं झालं. खोडाचं म्हनून इकलेलं जनावर कुठं जाते, ते मले मालूम हाय."

कागद माझ्या हातातच होता. मला लाज वाटली, आणि ती कशाची वाटली हे सांगायला हरकत नाही. इंजिन कशाशी खातात हे ज्याला ठाऊक नव्हतं तो माणूस इंजिनाच्या अब्रूसाठी स्वतःची झोपडी देऊन मोकळा झाला होता. आणि मिस्त्री म्हणवणारा मी चांगल्या इंजिनाला खोडाचं ठरवून बसलो होतो.

लाज वाटली की मला राग येतो. मी रिपोर्ट फाडला, बाकावरचा वाकलेला रॉड उचलला आणि भैयासाहेबांच्या हातात दिला.

मी त्यांना सांगितलं, पाणी आत गेल्याने हा वाकलेला नाही. पाणी पोटात घेऊन ही गाडी महिनाभर उभी राहिली असती तरी रॉड वाकला नसता. चार प्लग काढून हँडल मारलं असतं तर पाणी पिचकारीसारखं बाहेर आलं असतं. ऑइल बदललं की दुसऱ्या दिवशी गाडी चालू. रॉड वाकला तो पाणी आत असताना इंजिन जबरदस्तीने फिरवलं म्हणून.

"बैल ओढत होते," मी म्हटलं. "पण गिअर टाकून क्लच सोडल्याशिवाय इंजिन फिरत नाही. क्लच कोणी सोडला?"

मालगुजारांना असा प्रश्न विचारत नाहीत. विचारून झाल्यावर मला ते आठवलं. त्यांच्या शब्दावर निम्म्या तालुक्याच्या गाड्या माझ्याकडे यायच्या बंद झाल्या असत्या.

भैयासाहेबांनी रॉड हातात उलटसुलट केला.

"मी सोडला," ते म्हणाले.

गाडी बिघडवणारा गावात नको, हा त्यांचाच नियम होता. मी त्याची आठवण करून दिली नाही. एवढी अक्कल मला तेव्हाही होती.

"हा कुठे मिळतो?"

"कलकत्त्याला."

"मागवा." ते उठले. फाटकापर्यंत गेले आणि मागे न बघता विचारलं, "सोम्या, बैलांना पाणी दाखवलंस का?"

"नाई जी."

"मग दाखव. ऊन व्हायच्या आत पोचायचंय."

या प्रकरणावर त्यांचं एवढंच बोलणं झालं. सोमाजीने बैलांना माझ्या हौदावर पाणी पाजलं. जाताना हिरवीच्या मडगार्डवर एकदा हात ठेवला.

रॉड यायला दिवाळी झाली. बेअरिंग मी स्वतः ओतलं, दोनदा बिघडलं, तिसऱ्यांदा जमलं. गाडी चालू केली आणि बॉनेटवर पेला ठेवला. सांडला नाही. नव्या रिपोर्टात कारणाच्या जागी मी लिहिलं, पाणी आत असताना मालकाने चालू केली, इंजिनात दोष नाही. भैयासाहेबांनी तो वाचला आणि खाली सही केली. शेटना चाकं मिळाली नाहीत, ते पुढे वर्षभर माझ्याशी बोलले नाहीत.

पुढच्या पोळ्याच्या आधी सोमाजी मुद्दाम गोंदियाला आला. हिरवीला कुठपर्यंत धुवायचं ते दाखवा म्हणाला. मी त्याच्याबरोबर गावी गेलो आणि खडूने चाकाच्या तुंब्यावर, म्हणजे मधल्या गोल भागावर रेघ मारून दिली. त्याने ती हिंगुळाने पक्की केली. तोरणाखाली पहिला मान त्या वर्षी बैलजोडीचा होता. मोटार सगळ्यात मागे उभी होती. मी सोमाजीला विचारलं, तर तो म्हणाला नवं जनावर मागंच उभं करतात.

वाकलेला रॉड मी फेकला नाही. वर्कशॉप बंद करेपर्यंत तो माझ्या टेबलावर कागद दाबायला होता. गिऱ्हाईक आलं की काय बिघडलं हे मी आधी विचारत नसे. शेवटचं चालू कोणी केलं, हे विचारायचो. बहुतेक जण त्यावर घरातल्या कोणा नोकराचं नाव सांगायचे. मग मी तो रॉड त्यांच्या हातात द्यायचो आणि थांबायचो.