अंगात नाही, अंग

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. कधीच नव्हता. आम्ही बौद्ध — अंगात येणं, उतरवून टाकणं ही थेरं माझ्या आजोबांनीच घराबाहेर काढली. त्यामुळे खाली 'ताई, कुलदैवताचं काही राहिलंय का बघा' असल्या कमेंट टाकू नका. ऐकणार नाही मी.

मी घाटकोपरच्या एका कॉलेजात मराठी शिकवते. माझी आत्या भांडुपला तिच्या मुलाकडे, प्रशांतकडे राहते. वय झालंय, पण खणखणीत बाई. गेल्या वर्षी ती एकदम विचित्र वागायला लागली. भाकरी थापता थापता मधेच उठायची, पाय आवळून आडवी व्हायची. खाली उतरणं बंद, शेजारणींशी बोलणं बंद. काय होतंय विचारलं की एवढंच — "अंग... येतंय रे."

झालं! बिल्डिंगभर बोभाटा, म्हातारीच्या अंगात येतं. प्रशांतला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आपल्या घरात असलं काही नसतं, हिच्या डोक्यावरच परिणाम झालाय, असं त्याने ठरवूनच टाकलं. मी म्हटलं, अरे, ती काय म्हणतेय ते तरी नीट ऐकू. तर मला म्हणतो, "तू बस शब्दांचा कीस काढत. मराठी शिकवून कोणाचं दुखणं बरं झालंय का?" अशी तिडीक गेली ना डोक्यात!

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आत्याकडे गेले. घरात आम्ही दोघीच, दार लावलेलं, टीव्ही बंद. डॉक्टरसमोर ती तोंड उघडणार नाही हे माहीत होतं, म्हणून तिला सांगूनच मोबाईलवर रेकॉर्ड केलं. तेव्हाही ती तेवढंच बोलली आणि मान खाली घातली.

मग मुलुंडचा दवाखाना. डॉक्टर तरुण मुलगी, मराठीच, पण सगळं शिक्षण इंग्लिश मीडियममध्ये. आत्या मुलाकडे बघून गप्प. डॉक्टर मानसोपचारासाठी चिठ्ठी लिहायला लागली, तशी मी रेकॉर्डिंग लावलं. पंख्याची घरघर. मग आत्या — "अंग..." आणि त्यावर दुसऱ्याच कुणा बाईचा आवाज, स्पष्ट, वैतागलेला — "बाहेर." मग पुन्हा आत्या — "येतंय गं."

डॉक्टरचं पेन थांबलं. "अंग बाहेर येतंय म्हणजे? आउट ऑफ बॉडी वगैरे असं काही?"

मला मात्र लख्खकन कळलं. गावाकडच्या बायकांचा शब्द आहे हा. गर्भाशय खाली सरकून बाहेर यायला लागलं की त्या 'अंग बाहेर येतंय' म्हणतात. प्रशांतला बाहेर बसवलं, डॉक्टरने पडद्याआड तपासलं... तेच निघालं. किती सोसलं असेल तिने! मुलासमोरच काय, माझ्यासमोरही 'बाहेर' म्हणायची लाज वाटली, तो एक शब्द गिळला, तर बाईला वेडी ठरवायला निघाले होते सगळे. राग येतो मला. अजून येतो. ऑपरेशन झालं, आता आत्या ठणठणीत आहे.

पण त्या दिवशी दवाखान्यातून निघताना मी रेकॉर्डिंग पुन्हा ऐकलं. "अंग... येतंय गं." मधे नुसता पंखा. तेव्हापासून कितीदा ऐकलं, तो शब्द नाहीच.

प्रशांत म्हणतो त्याला काहीच ऐकू आलं नव्हतं. त्याला आधी तरी कुठे ऐकू येत होतं! भास होता म्हणे माझा. बरं बाबा, माझा भास. पण डॉक्टरचं काय? तिला तर हा शब्दप्रयोग ठाऊकच नव्हता. जे माहीतच नाही ते तिच्या कानात कुठून आलं? आहे उत्तर? माझ्याकडेही नाही, आणि ते कबूल करायला मी लाजत नाही.

शेवटी आत्यालाच विचारलं, कोण गं होती ती? ती मटार सोलत होती. वरही बघितलं नाही.

"असेल कोणीतरी माझ्यासारखीच," ती म्हणाली. "मेल्यावर तरी लाज सुटली असेल बिचारीची."