शेवटचं रीळ

मेहबूबचाचांनी कारंजा गावच्या टॉकीजमध्ये एकतीस वर्षं सिनेमाचं मशीन चालवलं. भिंतीतल्या वीतभर भोकातून त्यांनी सगळ्या मुलखाची माणसं पाहिली, पण त्यांना कोणी पाहिलं नाही. टॉकीज बंद पडली तसे ते शिलाई मशीन दुरुस्तीला लागले. माणूस सरळ, पण भित्रा. आता खोटं कशाला बोला, त्यांच्या जागी आपण असतो तर आपणही भित्रेच निघालो असतो.

त्या टॉकीजमध्ये एक जुना रहस्यपट दर उन्हाळ्यात लागायचा. गावात बांगड्या विकणारा परका कासार येतो, एक पोर हरवतं आणि सगळं गाव कासारावर उठतं. धनजकडच्या एका खेड्यातले लोक, नाव कशाला घ्या, तीनच्या खेळाला झुंडीनं यायचे. पण त्यांची शेवटची एसटी सहाची. चाचांनी शेवटचं रीळ चढवलं की धाडधाड खुर्च्या वाजायच्या आणि हे बहाद्दर स्टँडकडे पळत सुटायचे. भावाचं वावर बळकावायला त्याचं पोर गावच्या पाटलानंच लपवलं होतं आणि झुंडीच्या पुढंही तोच होता, हे सगळं त्या रिळात होतं. सात उन्हाळे त्यांनी तो सिनेमा पाहिला आणि सातही वेळा कासाराला चोर ठरवून घरी गेले. चाचा हसायचे. "अर्ध्या हळकुंडानं पिवळे झाले लेकाचे!" खरं काय ते सांगावं, असं त्यांना कधी वाटलं नाही.

गेल्या जानेवारीत चाचा त्याच गावात मशीन दुरुस्तीला गेले होते. बायकांचे गळालेले केस घेऊन भांडी देणारा मेडशीकडचा बादलही तिथं आला होता. सकाळी त्यानं चाचांना आपल्या पैशानं चहा पाजला. दिवसभर दोघं पारावर शेजारीशेजारी बसून आपापलं काम करत होते. संध्याकाळी, आग लागो त्या मोबाइलला, पोरं पळवणाऱ्या टोळीचा व्हिडिओ गावात फिरला. आणि त्या सिनेमाला येणाऱ्यांतल्याच लखीरामचा नातू शाळेतून घरी आला नाही, अशी बोंब उठली. झालं! माणसं पाराकडे धावली.

"त्या पिच्चरमधल्या कासारावानीच हाय हा!" लखीराम ओरडला. डोकं पिकलं होतं, पण सिनेमा डोक्यात तसाच होता. "भांडे दाखवून लेकरं नेते!"

चाचा उठले. "अरे थांबा! त्या कासारानं काहीच केलं नव्हतं. तुमी शेवट पाह्यलाच नाही!"

लखीराम वळला. "तुमी काहून त्याची बाजू घेऊन राह्यले? सकायी संगच चा पेत होते ना?"

दहा-बारा तोंडं चाचांकडे फिरली. ते हत्यारं पिशवीत भरू लागले.

"चाचा, सांगा ना यायले!" बादल म्हणाला.

तेवढ्यात कारंज्याकडे जाणाऱ्या शेवटच्या, सहाच्या एसटीचा हॉर्न वाजला. चाचांनी पिशवी उचलली आणि गाडीत चढले. मागच्या काचेतून त्यांना पहिली काठी पडताना दिसली. ती लखीरामच्या हातात होती. मग वळण आलं.

नातू मामाच्या घरी सापडला, पोहे खात. बादल तिसऱ्या दिवशी दवाखान्यात मेला.

महिन्याभरानं बादलची बायको संगीता चाचांच्या दुकानात आली. गावातलं कोणी साक्षीला तयार नव्हतं. जो तो म्हणे, आम्ही वावरात होतो. ती उंबऱ्यावरच बसली. "चाचा, तुमी होते म्हने तिथं. पयली काठी कोनाची, तेवढंच ठाण्यातल्या साहेबाले सांगा. मले दुसरं काही नको."

चाचांची लेक यास्मीन पाणी घेऊन बाहेर आली, ती तिथंच थांबली. दोघी त्यांच्याकडे पाहत राहिल्या. चाचांना ती दहा-बारा तोंडं आठवली, यास्मीनचं ठरलेलं लग्न आठवलं. लाज वाटली, मरणाची लाज वाटली. पण भीती तिच्याहून थोरली निघाली.

"बाई, सहाची शेवटची गाडी होती," ते खाली मान घालून म्हणाले. "मी शेवट नाही पाह्यला."