मामाचं नाक, बापाचं हृदय

आमच्या घरात मूल कुणावर गेलं हे बाराव्या दिवशी आत्या ठरवायची. पाळण्यात वाकायची, बाळाचं नाक चिमटीत धरायची आणि निकाल द्यायची. त्यावर अपील नव्हतं. माझ्या मोठ्या भावाचं, दादाचं नाक धरून तिनं "बापावर गेला" म्हटलं होतं. माझं धरून म्हणाली, "हा पुरा मामावर." मामा रुसण्यासाठी पंचक्रोशीत प्रसिद्ध होते. त्यामुळे मी जेवणावरून रुसलो की माय कौतुकानं बघायची, पुरावा मिळाल्यासारखी.

वडील वांग्यांना पाणी देता देता पाटाच्या कडेला बसले ते उठलेच नाहीत. पाचेक वर्षांनी काकाही तसेच गेले, बैल सोडता सोडता. दोघंही चाळिशीच्या आतले, धट्टेकट्टे. काकांच्या छातीत खामगावच्या डॉक्टरांनी आधीच काही वेगळं ऐकलं होतं. दिवस झाल्यावर त्यांनी आम्हा दोघा भावांना बोलावून घेतलं.

"हृदयाचा स्नायू जाड होण्याचा हा आजार घराण्यातून येतो," ते म्हणाले. "नागपूरचे हृदयाचे डॉक्टर संक्रांतीच्या सुमारास इथे येतील. त्यांना दोघंही दाखवून घ्या. तोवर दोघांनीही ओझं उचलायचं नाही, पळायचं नाही."

राज्य नवं होतं आणि मी कॉलेजात नवा होतो, विज्ञान शाखेत. त्याच आठवड्यात आम्हाला वाटाण्याचा धडा झाला होता: उंच वाटाणा, बुटका वाटाणा आणि त्यांची लेकरं. एवढ्या भांडवलावर दवाखान्याच्या पायऱ्या उतरेपर्यंत माझं निदान तयार झालं. ज्याला बापाचं नाक, त्यालाच बापाचं हृदय. मी मामावर गेलेला, म्हणून मी मोकळा. डॉक्टरांच्या 'दोघांनीही'मधला 'ही' मी तिथंच सोडून आलो. परतीच्या वाटेवर दादाला सायकलच्या कॅरिअरवर बसवलं आणि गावापर्यंत मी ती दामटली.

"काऊन बे, मी काय नवरी हाव?" दादा मागून म्हणाला.

"बोलू नको. बोलण्यानंही ताण येतो."

दादाचा जीव त्या वर्षी एकाच गोष्टीत अडकला होता. काकांची जोडी. ती त्यानं दोन वर्षं खाऊ घालून, माती तुडवून तयार केली होती, आणि संक्रांतीनंतरच्या शंकरपटात, बैलजोड्यांच्या शर्यतीत, काकांच्या जागी तो स्वतः ती हाकणार होता. मी घरी येताच मायसमोर जाहीर केलं की पट बंद.

मायनं दादाच्या नाकाकडे पाहिलं आणि पदर डोळ्यांना लावला. तिला वेगळा पुरावा लागला नाही.

मग मी वहीच्या कागदावर नियम लिहिले आणि खळ लावून भिंतीला चिकटवले. ओझं उचलू नये. जोरात हसू नये. चहा फिका घ्यावा. शर्यत, तमाशा, भांडण पाहू नये. सातवा नियम माझा विशेष लाडका होता: आनंदाची बातमीसुद्धा एकदम ऐकू नये, थोडी थोडी ऐकावी. हा कुठून काढला, देव जाणे.

दीड महिना दादा खाटेवर. त्याच्या वाट्याच्या वांग्यांच्या टोपल्या मी उचलल्या, मोट मी हाकली, शिवाय विहिरीच्या पायऱ्या धावत चढून त्याला दाखवलं की निरोगी माणूस कसा असतो. वरच्या पायरीवर कधीमधी डोळ्यांपुढे काजवे चमकायचे. ते मी अभ्यासाच्या खाती टाकले. जोडी फिरवायला गावातला दुसरा गडी यायचा. त्याच्या हाकेसरशी दादा खाटेवर उठून बसायचा आणि मी भिंतीकडे बोट करायचो.

"तुह्या हातात डिग्री आली तं गावात कोणी जितं राहणार नाही," तो म्हणायचा.

नागपूरचे डॉक्टर पटाच्या तीन दिवस आधी आले. त्यांनी दादाच्या छातीला नळी लावली, त्याला बसवलं, उठवलं, पुन्हा बसवलं. मग यंत्रानं हृदयाचा आलेख काढला. मी शेजारी उभा राहून त्यांना वाटाणा समजावत होतो. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "याचं हृदय उत्तम आहे. आता तुम्ही शर्ट काढा."

"मी मामावर गेलोय," मी म्हणालो.

"काढा."

बस, उठ. बस, उठ. शाळेतल्या शिक्षेसारख्या उठाबशा. मी उभा राहिलो की त्यांच्या कपाळाला आठी पडायची. यंत्राची पट्टी त्यांनी दोनदा वाचली. नंतर शांतपणे सांगितलं की बापाचा आजार माझ्याकडे आलाय, स्नायू जाडावतोय, गोळी सुरू करावी लागेल आणि ओझं कायमचं बंद.

"पण नाक..."

"हृदय नाकाला विचारून येत नाही," ते म्हणाले. "आणि आलं तरी सगळ्यांत सारखं दिसत नाही. एकाच घरात एकाला विशीत दिसतं, एकाला म्हातारपणी, एकाला कधीच नाही. का, ते आम्हालाही कळलेलं नाही."

पुढे कित्येक वर्षांनी मला जनुक हा शब्द वाचायला मिळाला. जनुक अंगात असणं वेगळं आणि त्यानं तिथं काम सुरू करणं वेगळं, हेही तेव्हाच कळलं. एकाच पुडीतलं वांग्याचं बी शेजारशेजारच्या वाफ्यांत वेगळं वागतं हे आमच्या तीन पिढ्यांना ठाऊक होतं. मला मात्र वाटाण्यापलीकडची भाजी दिसली नव्हती.

त्या दिवशी परतताना सायकल दादानं चालवली. मी कॅरिअरवर. निम्म्या रस्त्यात तो मान न वळवता म्हणाला, "दीड महिना टोपल्या उचलल्या बे तू. काही झालं असतं तं मायले काय सांगतलं असतं मी?" मी उत्तर दिलं नाही. बोलण्यानं ताण येतो.

पटाच्या दिवशी दादा जोडी घेऊन निघाला. जाण्याआधी त्यानं मला खाटेवर बसवलं, भिंतीवरचा कागद वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला आणि मायला राखणीला बसवलं. शर्यत पाहू नये, चौथा नियम, माझ्याच अक्षरात. मी मामासारखा रुसून पाहिलं. उपयोग झाला नाही. दुपारभर पलीकडच्या माळावरून आरोळ्या येत होत्या आणि मी फिका चहा पीत होतो.

संध्याकाळी तो दारात उभा राहिला. भुवयांपर्यंत धूळ, एक बाही फाटलेली.

"काय झालं?"

"बैल पोचले."

"पहिले का दुसरे?"

"ते उद्या," दादानं भिंतीकडे बोट केलं. "सातवा नियम."