चेचलेली चवळी

माझ्या लग्नाच्या बोलणीत मी एक खोटं बोललो. माझे वडील व्यापारी जहाजावर स्वयंपाकी होते. मी त्यांना ऑफिसर केलं. आणि हे त्यांच्या माघारी नाही, त्यांच्यासमोर. ते हातात चहाची बशी धरून बसले होते आणि मी त्यांच्याकडे न बघता बोललो. या गोष्टीला आता चोवीस वर्षं झाली.

आमच्या किनाऱ्यावर जहाजावर जाणारी माणसं पुष्कळ. त्यामुळे 'जहाजावर असतात' एवढ्यावर इथे कुणाचं समाधान होत नाही. लगेच पुढचा प्रश्न येतो, डेक की इंजिन? डेकवरच्याची एक ऐट, इंजिनातल्याची दुसरी. तिसरं खातं सलूनचं, म्हणजे रांधणाऱ्या-वाढणाऱ्यांचं. त्याबद्दल आपणहून कुणी विचारत नाही. माझे होणारे सासरे कसालचे, शाळेत मुख्याध्यापक. त्यांचा थोरला जावई इंजिनीअर. मी एका कचेरीत नुकताच चिकटलेला कारकून. बोलणी अर्थातच शुद्ध मराठीत चालली होती. त्यांनी बाबांना विचारलं, "आपण डेकवर की इंजिनात?" बाबांनी बशी खाली ठेवली, उत्तर द्यायला तोंड उघडलं, आणि मी मध्येच म्हणालो, "डेकवर. ऑफिसर आहेत."

बाबांनी तोंड मिटलं आणि बशी परत उचलली.

"वा! साहेब आहात म्हणजे," सासरे म्हणाले. तेव्हापासून ते बाबांना साहेबच म्हणत आले.

आई दाराआड उभी होती. पाहुणे गेल्यावर ती मला म्हणाली, "बापसाक खुर्चेर बसवलंस रे झिला. आता तेका उतरवतलो कोण?"

खरं म्हणजे माझ्या लहानपणी बाबा सुट्टीवर आले की आमच्या देवबागच्या घरात खुर्ची त्यांना माहीतच नसे. ते चुलीपाशी असत. खांद्यावर पंचा, कमरेला लुंगी, आणि आई जरा रागावलेली, कारण तिचे डबे इकडचे तिकडे झालेले. ते जे जे करत त्यातलं मला सगळ्यात आवडायचं ते चेचलेली चवळी. भात कापल्यावर शेतात पेरतात ती तांबडी चवळी. मेक्सिकोच्या एका बंदरात त्यांचं जहाज दुरुस्तीसाठी तीन आठवडे अडकलं होतं. गोदीच्या दाराबाहेर एक बाई टपरी चालवायची. बाबा रोज तिच्याकडे जाऊन बसले, दोघांना एकमेकांची भाषा येत नसताना तिचे टोप घासून दिले आणि ही रीत शिकून आले. शिजवलेलं कडधान्य कढईत घालून चेचायचं आणि परतायचं, बस. ती बाई डुकराची चरबी वापरायची, आमच्या घरी ते शक्यच नव्हतं, म्हणून खोबरेल तेल. तिचं कडधान्य वेगळं होतं, ते कट्टा गावच्या बाजारात मिळालं नाही, म्हणून चवळी. "कुळथाच्या पिठयेचो थोरलो भाव," असं ते म्हणत. तांदळाच्या भाकरीबरोबर आम्ही ती कढई पुसून खायचो.

लग्नानंतर सासरची माणसं पहिल्यांदा जेवायला आली तेव्हा बाबा असेच आत कांदा चिरत बसले होते. एकसारखा, बारीक, न बघता. गाडी खळ्यात, म्हणजे पुढच्या अंगणात, येऊन थांबली, आणि मी धावत आत गेलो.

"बाबा, तुमी भायर बसा."

"इतको कांदो होवंदे."

"बाबा, ते काय म्हणतील?"

मी त्यांच्या हातातली सुरी काढून घेतली. हे मी बोलणीतल्या खोट्यापेक्षा जास्त वेळा आठवतो. त्यांनी हात धुतले, लुंगी बदलून पँट घातली आणि पडवीत खुर्चीवर जाऊन बसले. नंतर दोन सफरी करून ते कायमचे घरी आले, पण स्वयंपाकघराच्या उंबऱ्याच्या आत पुन्हा गेले नाहीत. पाणी हवं असलं तरी बाहेरून मागायचे. मी स्वतःला सांगत राहिलो की माणूस आयुष्यभर रांधून कंटाळला असेल. हे सोपं होतं.

बायकोला वर्षभरातच कळलं. माळ्यावरच्या बाबांच्या पेटीत तिला त्यांचा पांढरा एप्रन सापडला, लांब दांड्याची पळी सापडली. ऑफिसरला एवढी मोठी पळी कशाला लागते, असं तिने मला विचारलं. मी सांगितलं. एप्रनची घडी घालत ती म्हणाली, "माझ्या वडिलांना मी सांगणार नाही. बोललात तुम्ही, निस्तरायचंही तुम्हीच." मी म्हणालो, बघू. सासरे दरवर्षी येत राहिले, "काय साहेब, समुद्र काय म्हणतो?" विचारत राहिले, आणि बाबा "बरो आसा" एवढंच म्हणत राहिले. सत्तावीस वर्षं दर्यावर काढलेल्या माणसाने जहाजाची एक गोष्ट कधी व्याह्याला सांगितली नाही. कुठलीही सांगायला घेतली तरी ती चुलीपाशीच जाऊन पोचली असती.

आई जाऊन चार वर्षं झाली. या वर्षी बाबांचं खाणं सुटत चाललं. कवळी ते घालत नाहीत. "ती माका चावता," म्हणतात. सकाळ-संध्याकाळ नुसती पेज, तीही अर्धी. मनगटावरचं घड्याळ कोपरापर्यंत सरकू लागलं. मालवणच्या डॉक्टरांनी बजावलं की पोटात कडधान्य, अंडी, काहीतरी जोराचं गेलंच पाहिजे, नाहीतर पावसाळा काढणं कठीण. मी शक्तीची पावडर आणली. बाबांनी ती मांजराला दाखवली, मांजरानेही घेतली नाही. अंडी उकडली, ती तशीच राहिली. मी ताट उचलून आत नेताना ते नेहमी दुसरीकडे बघत असत. माझ्या डोळ्यांदेखत माझा बाप उपाशी चालला होता, आणि त्याला काय खावंसं वाटतं हे मी एकदाही विचारलं नव्हतं.

गेल्या शनिवारी बायको कसालला गेली होती. बाबांची तब्येत ऐकून सासऱ्यांना भेटायला यायचं होतं, त्यांना घेऊन ती रविवारी परतणार होती. घरात आम्ही दोघेच. मी पेजेची वाटी पुढे केली, त्यांनी ती बोटाने बाजूला सरकवली.

"मगे काय खाशात?" मी विचारलं. आवाज चढला होता माझा.

ते खळ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "चवळी आसा?"

चवळी होती, पण भिजत घातलेली नव्हती. मी तशीच कुकरला लावली, कढत पाणी, चिमूटभर सोडा, आठ शिट्ट्या. झाकण काढलं आणि मिक्सरचं भांडं शोधलं. मिक्सर सुरू झाला तोच उंबऱ्याबाहेर काठी आपटल्याचा आवाज आला.

"बंद कर तो! चवळी खावची आसा, सिमीट घालूचा नाय!"

बाबा पडवीतून उठून दारापर्यंत आले होते. किती दिवसांनी ते आपणहून उठले होते. मी खुर्ची आणून उंबऱ्याबाहेर ठेवली, ते बसले, आणि तिथूनच सूचना सुरू झाल्या. बिडाची कढई काढ. तेल जरा सैल हातान घाल. कांदो तांबूस होवंदे, काळो नको. लसूण आता. आता जिरा. चवळेचा पाणी वतू नको, तेच्यातच चव आसा. मी आमसुलाच्या बरणीला हात लावला.

"ती ठेय. लिंबू पीळ, तां पण उतरल्यावर."

मी पळीच्या पाठीने चेचू लागलो.

"सगळी चेचू नको. अर्धी ठेय. दाताक कायतरी गावाक होया."

"बाबा, तुमका दात खंय आसत?"

"म्हणान काय आशा सोडूची?"

मी हसलो, तेही हसले. चवळी कढईच्या कडा सोडू लागली होती, खोबरेलाचा आणि लसणीचा वास घरभर झाला होता. ते खुर्चीतून पुढे वाकून कढईत बघायचा प्रयत्न करत होते, पण त्यांना तिथून दिसत नव्हतं.

"आत येवा ना," मी म्हणालो. "हयसून बगा, झाली काय ती."

ते मागे सरले. काठी दोन्ही हातांनी धरली.

"ऑफिसर चुलीकडे येणत नाय," ते म्हणाले.

त्यात टोमणा नव्हता. नियम सांगावा तसे ते बोलले. माझ्या हातात पळी होती आणि ती मी कढईत फिरवत राहिलो, कारण थांबलो असतो तर काहीतरी बोलावं लागलं असतं. चवळी खाली थोडी लागली. त्या दुपारी बाबांनी दोन वाट्या खाल्ल्या. मी समोर बसून होतो, आणि तेव्हाही बोललो नाही. एवढं सगळं होऊनही बोललो नाही, हेही इथे लिहून ठेवतो.

रविवारी सासरे आले. त्यांना मी मामा म्हणतो. आता तेही थकलेत, बायकोने हात धरून त्यांना पायरी चढवली. "काय साहेब, ह्या काय चालवल्यात?" ते म्हणाले, घरात आता त्यांचंही शुद्ध मराठी सुटलेलं आहे. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता. जेवायला मी भात, आमटी आणि चवळी केली होती. या वेळी रात्रभर भिजवून.

सासऱ्यांनी पहिला घास घेतला, थांबले, दुसरा घेतला.

"जावयबापू, ह्या काय? खंयची रीत?"

बायकोने माझ्याकडे पाहिलं. बाबांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते आपल्या ताटात लिंबाची बी शोधत होते.

"बाबांची," मी म्हणालो. "मेक्सिकोत शिकले. मामा, बाबा ऑफिसर नव्हते. जहाजावर कुक होते. सत्तावीस वर्षं त्यांनी जहाजावरच्या सगळ्यांना जेवू घातलं. तुम्ही विचारलंत तेव्हा मी खोटं बोललो."

मामांचा घास हातातच राहिला. त्यांना काहीच माहीत नव्हतं. ते चेहऱ्यावर स्पष्ट दिसलं, आणि दुखावलेलंही दिसलं. ते माझ्याशी बोललेच नाहीत. बाबांकडे वळले.

"चोवीस वर्सां मी तुमका साहेब म्हणतंय! तुमी तरी सांगूचा मा?"

"तुमी कप्तान म्हणूक नाय, ह्याच नशीब," बाबा म्हणाले.

मग मामा हसले, पूर्ण मनापासून नाही, पण हसले. आणि घास तोंडात घालून त्यांनी एक साधा प्रश्न विचारला, जो या घरात बाबांना कुणीच कधी विचारला नव्हता.

"तुफानात कसा काय रांदीत होतास ओ?"

बाबांनी ताट थोडं पुढे सरकवलं. "टोप तारेन बांदूचे. आमटी करूक मिळणा नाय, सांडता. म्हणान तर ही चवळी. जहाज आडवा झाला तरी ही ताटातसून हलणा नाय." त्यांनी आपलं ताट उचलून खरोखरच तिरकं धरलं. भाताची शितं घरंगळली. चवळी होती तिथेच राहिली.

"आणखी आसा?" मामांनी विचारलं.

मी उठत होतो. बाबांनी हाताने मला खाली बसवलं, काठी घेतली आणि स्वतः उठले. उंबऱ्याशी ते थांबले, एका हाताने चौकट धरली, मग एक पाय आत ठेवला, मग दुसरा. आतून गॅस पेटवल्याचा आवाज आला. मी त्यांच्या मागोमाग गेलो.

ते कढईवर वाकले होते. थोडं पाणी शिंपडून पळीने चवळी सैल करत होते, आणि पळी कडेला एकदाही आपटली नाही. मी त्यांच्या शेजारी उभा राहिलो. सुरी ओट्यावरच होती, कांदाही होता. मी सुरी उचलली आणि मूठ त्यांच्याकडे करून समोर धरली.

"बाबा," मी म्हणालो, "माका तुमची लाज वाटली होती. तुमी काय वायट केल्लास म्हणान नाय, माझीच अक्कल तितकी. तुमका ह्या घरात चुलीकडसून मी उठवलंय. माझा चुकला. माका माफ करा."